सुई-दोरा : अर्ध्यावर राहिलेलं शिवणकाम

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच अडचण आहे. हौस आहे, मशीन आहे, कापडही आणून ठेवलंय, पण घरचं आवरता आवरता हातात सलग वेळ येत नाही. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : मी नोकरी करते. दोन मुलं आणि सासू-सासरे घरात आहेत. रात्री सगळं आवरल्यावर जेमतेम अर्धा-पाऊण तास मिळतो. अस्तराचा ब्लाउज कापून तीन महिने झाले, तो अजून पिशवीतच आहे. दर वेळी पिशवी उघडली की कुठपर्यंत आले होते हे कळण्यातच वेळ जातो. काय करावं?
— एक वाचक, चिंचवड

ब्लाउजसाठी अर्धा-पाऊण तास पुरतो, फक्त काम त्या मापात पाडून घ्यायला हवं. शिवणकामातल्या सगळ्या कामांना सारखं लक्ष लागत नाही. सगळ्यात जास्त लक्ष कापणीला लागतं, कारण टीप उसवता येते, पण कात्री फिरली की फिरली. म्हणून मापं घेणं, आखणं आणि कापणं ही कामं दमलेल्या रात्री करू नका. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी एक सलग तास मागून घ्या आणि तेवढा वेळ मुलांना दुसऱ्या कुणाच्या तरी स्वाधीन करा. घाईत कापलं की हमखास होणारी चूक म्हणजे दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघणं. कापड सुलट बाजू आत घेऊन दुहेरी दुमडलं आणि दोन्ही बाह्या एकदमच कापल्या, तर ही चूक होत नाही.

कापणीच्या आधीचं काम मात्र कधीही होतं. अस्तर रात्री साध्या पाण्यात भिजत घाला, सकाळी न पिळता सावलीत वाळवा आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. हे टाळलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड आटत नाही आणि चांगल्या मापाच्या ब्लाउजला काखेत नि पाठीवर चुण्या पडतात.

कापून झालं की त्याच बैठकीत गळ्याच्या आणि मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईच्या, कडेला, पाव इंचाच्या आत, एकेक टीप मारून घ्या. गळ्याची गोलाई काही ठिकाणी उरेप, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, पडते आणि नुसतं पडून राहिलं तरी तिथलं कापड ताणत जातं. तुमचा ब्लाउज तीन महिने पिशवीत आहे, म्हणून आता पुढे शिवण्याआधी गळा कागदी कापावर किंवा मापाच्या ब्लाउजवर ठेवून तपासा. पसरला असेल तर गळ्याच्या कडेने धावदोरा घालून तो हलकेच ओढा, वाफेची इस्त्री द्या आणि मापात आला की त्यावर टीप मारून टाका.

त्यानंतरच्या बैठका अशा पाडा. पहिल्या दिवशी अस्तर आणि कापड कच्च्या टाक्याने एकमेकांना जोडायचं. दुसऱ्या दिवशी पुढच्या दोन्ही भागांचे टक्स, म्हणजे अंगाला आकार देणाऱ्या निमुळत्या दुमडी. हे एकाच बैठकीत झाले पाहिजेत. एका बाजूचे आज आणि दुसऱ्या बाजूचे चार दिवसांनी घातले तर टोकं वरखाली होतात, आणि तो फरक अंगावर लगेच दिसतो. तिसऱ्या दिवशी हूकपट्टी आणि आयपट्टी. कुठली कुठल्या बाजूला हे मापाचा ब्लाउज समोर ठेवून बघा, आठवणीवर जाऊ नका. चौथ्या दिवशी खांदे आणि गळ्याची पट्टी. गळा सुरू केला की त्याच बैठकीत संपवायचा. पाचव्या दिवशी बाह्या, सहाव्या दिवशी बाजूच्या टिपा. हूक, आय आणि खालची दुमड हातावर होते. ती मुलं अभ्यासाला बसली की त्यांच्याजवळ बसून करा.

आता तुमच्या मूळ अडचणीकडे येतो. बहुतेक जणी एक टप्पा संपला की पिशवी बंद करतात. तसं न करता पुढच्या टप्प्याची पहिली टीप जुळवून ठेवा आणि मगच उठा. म्हणजे टक्स झाले की हूकपट्टी जागेवर कच्च्या टाक्याने धरून ठेवायची. दुसऱ्या दिवशी पिशवी उघडली की विचार करायला काहीच उरत नाही, थेट मशीनवर बसता येतं. टाचण्यांवर मात्र काम आठवडाभर ठेवू नका. पावसाळ्यात, त्यातही कोकणात, टाचणीचा गंज कापडात उतरतो आणि तो डाग निघत नाही. पिशवीत एक चिठ्ठी असू द्या: काय झालं, पुढे काय, सुई कितीची, शिलाईसाठी माया, म्हणजे टिपेबाहेरचं कापड, किती धरली आहे. अर्ध्या इंचाच्या मायेने सुरू केलेला ब्लाउज महिन्याभराने पाव इंचाने शिवला गेला तर तो मापात बसणार नाही. खडूच्या खुणाही हाताळताना पुसतात, म्हणून टक्सची टोकं वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एकेक टाका घालून दाखवून ठेवा.

एक लहानशी गोष्ट राहिली. काळ्या किंवा गडद निळ्या कापडावर रात्री काम करू नका. दिव्याखाली टाका नीट दिसत नाही, आणि उसवण्यात दुसरा दिवस जातो.

प्रश्न : महिन्या-दोन महिन्यांनी मशीन उघडते, आणि दर वेळी कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो. बॉबिन दोनदा बदलून झालं. दुरुस्तीवाल्याला बोलवायचं का?
— एक वाचक, कोल्हापूर

लगेच नको. गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनकडे वळतात, पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. वरच्या दोऱ्याला ताण नसला की तो खाली सैल उतरतो आणि तिथे त्याचं जाळं तयार होतं. दाबपट्टी म्हणजे मशीनचा पाय खाली असताना दोरा ओवला की असं होतं. पाय खाली असला की ताणाच्या दोन चकत्या एकमेकींवर घट्ट बसतात आणि दोरा त्यांच्या मध्ये न जाता वरूनच जातो. म्हणून ओवताना पाय वर आणि शिवताना खाली. शिवायला सुरुवात करताना वरचा आणि खालचा दोरा चार-पाच इंच मागे ओढून बोटाने धरा आणि पहिले तीन-चार टाके होईपर्यंत सोडू नका.

तरीही गुंता होत असेल तर सुई बघा. घरगुती मशीनच्या सुईचा वरचा भाग एका बाजूने चपटा असतो आणि चपट्या बाजूच्या विरुद्ध लांब खाच असते. दोरा नेहमी खाचेच्या बाजूने आत जातो. सुई उलटी बसली असेल किंवा पूर्ण वर सरकली नसेल तर टाके सुटतात, दोरा तुटतो. नंबर कापडाप्रमाणे घ्या. मलमल आणि शिफॉनला 11, साध्या सुतीला 14, खण आणि जाड पडद्याच्या कापडाला 16, जीन्सला 18. सुई स्वस्त असते, ती तुटेपर्यंत वापरू नका. शिवताना 'टकटक' असा जास्तीचा आवाज यायला लागला की ती बोथट झाली आहे.

यानंतर ताण. कापडाच्या उलट्या बाजूला वरच्या दोऱ्याचे सैल फास दिसत असतील तर वरचा ताण वाढवा. सुलट बाजूला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसत असतील तर कमी करा. पाव-पाव फेरा फिरवायचा, दर वेळी चिंधीवर शिवून बघायचं. बॉबिनच्या डबीच्या बारीक स्क्रूला अगदी शेवटी हात लावायचा.

तुमचं मशीन दोन-दोन महिने बंद असतं, त्यामुळे कापड पुढे सरकवणाऱ्या दातऱ्यांखाली साचलेला कापूस आणि सुकलेलं तेल हेही कारण असू शकतं. सुईखालची पट्टी काढून तिथला कापूस ब्रशने काढा. मशीनचंच पातळ तेल प्रत्येक भोकात एक-दोन थेंब घाला, चिंधीवर मिनिटभर चालवा, रात्रभर पायाखाली चिंधी ठेवून द्या. खोबरेल तेल घालू नका. थंडीत ते थिजतं, पुढे चिकट होतं, आणि मग चाक हाताने फिरवायलाही जोर लागतो. एवढं सगळं करूनही टाका बसला नाही तर शटलची टोकाची बाजू झिजली असेल किंवा सुईशी तिची वेळ चुकत असेल. ते काम दुरुस्तीवाल्याचंच आहे.

प्रश्न : आईच्या आणि सासूबाईंच्या जुन्या सुती साड्यांची गोधडी करायची आहे. मशीनवर नको, हातावरच. घरात जागा थोडी आहे, मुलं लहान आहेत. किती साड्या लागतील आणि हे काम रोज थोडं थोडं कसं करता येईल?
— एक वाचक, नाशिक

रोज थोडं थोडं करायला गोधडीइतकं सोयीचं काम नाही. तिचा पसारा फक्त सुरुवातीचा एक दिवस लागतो, नंतर मांडीवर मावेल एवढाच भाग उलगडावा लागतो.

साड्यांचा हिशोब असा. साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे 216 इंच लांब आणि 44-45 इंच रुंद. तिचे 66 इंचांचे तीन तुकडे करा. पदराकडचे 18 इंच उरतील, ते ठिगळांना आणि काठाला येतील. दोन तुकडे त्यांच्या 66 इंची बाजूने जोडले की साधारण 87 बाय 66 इंचांचा एक थर होतो. म्हणजे दोन साड्यांत तीन थर. कडा सारख्या करून आणि आत दुमडून सात फूट लांब, सव्वापाच फूट रुंद गोधडी मिळते, एका माणसाला ऐसपैस. नाशिकच्या थंडीला पाच थर हवेत, त्यासाठी चार साड्या घ्या. दोन तुकडे उरतील. पहिलीच गोधडी असेल तर तीन-चार थरांची करा. पाच थरांतून सुई काढताना नवशिक्या बोटांना त्रास होतो आणि काम बाजूला पडतं.

सगळ्या थरांचे जोड मध्येच आले तर गोधडीच्या पोटात आडवा कंगोरा उठतो, अंगाखाली टोचतो आणि सुईही तिथे अडते. आतल्या एक-दोन थरांत एका तुकड्याचे दोन उभे अर्धे भाग करून ते पूर्ण तुकड्याच्या दोन बाजूंना जोडा. मग जोड वेगवेगळ्या जागी येतात.

साड्या निवडताना एक परीक्षा करा. कापड दोन्ही अंगठ्यांत धरून जरा जोराने ताणा. चर्र आवाज येऊन विरलं तर ते आतल्या थरालाही घेऊ नका, एका धुण्यात फाटेल आणि आत गोळा होईल. सुतीत नायलॉन किंवा पॉलिस्टर मिसळू नका. ते घसरतं, सुतीबरोबर आटत नाही आणि गोधडीला फुगे येतात. जरीचे आणि पॉलिस्टरचे काठ उसवून काढा. खळ असलेली साडी गरम पाण्यातून काढल्याशिवाय घेऊ नका. खळीत सुई जड जाते.

मांडायचा दिवस रविवार ठेवा. फरशी पुसून कोरडी करा, सगळ्यात खालचा थर उलटा अंथरा, चारी कोपरे चिकटपट्टीने फरशीला धरा. त्यावर एकेक थर, प्रत्येक वेळी मध्यापासून कडेकडे हाताने सारखा करत. वरचा थर सुलट. आता लांब टाक्यांचा कच्चा धावदोरा, मधून कडेकडे, सहा-सहा इंचांवर उभा आणि आडवा. हे काम घरातल्या तिघा-चौघांनी मिळून केलं तर दोन तासांत होतं आणि हे टाके कुणाचेही चालतात, कारण शेवटी ते काढायचेच असतात. हा टप्पा गाळला तर पहिल्या दहा ओळींतच थर सरकतात. वरचा थर पुढे जातो, खालचा मागे राहतो, आणि शेवटच्या कोपऱ्यात जादा कापड गोळा होतं. ते नंतर कितीही ओढलं तरी बसत नाही.

कच्चा टाका पूर्ण झाला की गोधडी दोन्ही बाजूंनी गुंडाळता येते. उलगडलेला फूटभर भाग मांडीवर घ्या. दोरा जाड सुती, लांबी हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. लांब घेतला की गाठी पडतात आणि कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन विरतो. सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची. मधल्या बोटावर अंगुस्तान घालाच, पाच थरांत सुई मागून ढकलावी लागते. टाका पाव इंचाच्या आसपास. ओळींत एक इंच अंतर ठेवलं तर साधारण 62 ओळी होतात. रोज एक ओळ धरली तरी दोन महिन्यांत संपते. गणपती झाल्यावर सुरुवात केली तर थंडीआधी हातात येते. गाठ बाहेर ठेवू नका. हलकेच ओढून ती थरांच्या आत घ्या.

उठताना सुई गोधडीत नुसती टोचून ठेवायची नाही. मुलं त्यावरच लोळतात. सुईला दोरा ओवलेला असू द्या, पण ती लाल फडक्याच्या तुकड्यात खोचून झाकणाच्या डबीत ठेवा. एकच सुई वापरा, म्हणजे डबीत ती आहे की नाही हे एका नजरेत कळतं. गोधडीसाठी जुना उशीचा अभ्रा पिशवीसारखा वापरा. टाके वेगवेगळ्या हातांचे पडले तर चालेल का, असं तुम्ही पत्रात शेवटी विचारलं आहे. अगदी चालेल. सासूबाईंच्या ओळी बारीक आणि तुमच्या मोठ्या दिसल्या तरी गोधडी तितकीच टिकते. मात्र दोरा सगळ्यांनी एकाच जाडीचा वापरावा.

प्रश्न : घरी फॉल-बिडिंगची कामं घेते. दिवाळीच्या आधी एकदम वीस-पंचवीस साड्या येतात, त्यातच घरचा फराळ आणि साफसफाई. मग रात्री जागते आणि चुका होतात.
— एक वाचक, सांगली

एकेक साडी पहिल्यापासून शेवटपर्यंत करू नका, एकेक काम सगळ्या साड्यांचं करा. आलेल्या साड्यांचे फॉल त्याच संध्याकाळी भिजवा, गडद वेगळ्या बादलीत आणि फिके वेगळ्या. लाल आणि मरून फॉल कुणाबरोबरच नको. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकदम इस्त्री. न भिजवलेला फॉल धुण्यात आटतो आणि साडीच्या निऱ्यांना खालून चुण्या पडतात. तक्रार घेऊन बाई परत येते ती बहुधा याच कारणाने. मग बिडिंग, म्हणजे साडीच्या टोकांची कड शिवणं, रंगाप्रमाणे: एका रंगाचा दोरा लावला की त्या रंगाच्या सगळ्या साड्या संपवायच्या. फॉलची खालची कड मशीनवर मारत असाल तर तीही याच क्रमाने. वरच्या कडेचा हातटाका दुपारी, साडीचे एक-दोनच धागे उचलत. जास्त उचलले की सुलट बाजूला खड्डे दिसतात.

साडी घेतानाच चिठ्ठी लिहा: बिडिंग एका टोकाला की दोन्ही, ब्लाउजपीस कापायचा की नाही, फॉल आतल्या टोकापासून किती इंच सोडून. साधारण आठ इंच सोडतात, पण उंच आणि ठेंगण्या बाईची सवय वेगळी असते, विचारून घ्या. चिठ्ठी साडीला टाचू नका. रेशमाला भोक राहतं आणि जरीचा धागा ओढला जातो. प्रत्येक साडी तिच्या चिठ्ठीसकट वेगळ्या पिशवीत.

आणि साड्या घेण्याची शेवटची तारीख दिवाळीच्या दहा दिवस आधीची ठरवून दारावर लावा. ओळखीच्या बायका 'माझी एकच' म्हणतात, तिथेच रात्र जाते. त्यांना दिवाळीनंतरची तारीख द्या आणि ती पाळा.

प्रश्न : सात वर्षांचा नातू माझ्याजवळ बसून शिवायचा हट्ट करतो. घरात दीड वर्षाची नातही आहे. त्याला काय शिकवू आणि धोका कसा टाळू?
— एक आजी, ठाणे

त्याला जरूर शिकवा, आजी. सात वर्षांच्या हाताला मॅटीचं, म्हणजे मोकळ्या विणीचं, कापड, भरतकामाची लहान रिंग आणि बोथट टोकाची मोठी सुई द्या. दोरा सहापदरी, हातभर. तो नेढ्यातून ओवून दोन्ही टोकांची एकच गाठ मारा, म्हणजे सुई निसटत नाही आणि दर दोन मिनिटांनी 'आजी, ओव ना' होत नाही. कापडावर एक सेंटिमीटर अंतरावर ठिपके काढून द्या आणि ठिपक्याठिपक्याने धावदोरा घालायला सांगा. वीस मिनिटं पुरे. तो जमला की बटण: चार भोकांचं, इंचभर मोठं. बटणाखाली आगकाडी ठेवून टाके घालायचे, मग काडी काढून खालच्या दोऱ्याला तीन-चार वेढे द्यायचे. असं बटण काजात नीट बसतं. त्यानंतर 6 बाय 12 इंचांचा तुकडा मधोमध दुमडून दोन बाजू शिवल्या की खडूंची पिशवी होते. ती दाखवायला तो घरभर फिरेल.

नातीसाठी नियम वेगळे. ती जागी असताना खाली बसून शिवू नका, ओट्याच्या उंचीच्या टेबलावर बसा. टाचण्या रंगीत मण्याच्याच घ्या आणि बसताना नि उठताना मोजा. उठण्यापूर्वी लोहचुंबक फरशीवरून फिरवा. पायमशीन असेल तर काम झाल्यावर पट्टा चाकावरून उतरवून ठेवा, नाहीतर लहान बोटं चाकात जातात. मोटरचं मशीन असेल तर प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. टाचणी किंवा सुई गिळल्याची शंका आली तरी उलटी काढायला जाऊ नका, केळं-भात भरवत बसू नका, थेट दवाखान्यात न्या.

नातवाला मशीन लगेच नको. आणखी दोन-तीन वर्षांनी, पाय नीट पोहोचले की, आधी दोरा न ओवता वहीच्या रेघांच्या कागदावर चालवायला द्या. कागदाला पडलेली भोकं रेघेवर सरळ आली की मग कापड. कागदावर वापरलेली सुई बोथट होते, ती पुन्हा कापडासाठी ठेवू नका.